तुमचे प्रश्न : हवा तेवढाच असेम्ब्लर

या खेपेच्या पत्रांत पाच जणांचा विषय एकच निघाला : प्रोसेसरच्या सगळ्या सूचना नकोत, आपल्याला लागतात तेवढ्यांचाच असेम्ब्लर (नावाने लिहिलेल्या सूचनांचे प्रोसेसरच्या बाइटांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) हवा. म्हणून पाचही उत्तरे एकत्र देत आहोत. सूचना आणि हेक्स अक्षरे इथे देवनागरीत छापली आहेत. फाइलमध्ये अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत लिहायची.

प्रश्न : डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी ८०८५ प्रोसेसरचा छोटा असेम्ब्लर पायथनमध्ये लिहितो आहे. तेराच सूचना हव्यात, पण इफ-एल्सची शिडी सहाशे ओळींवर गेली. एक दुरुस्त केले की दुसरे बिघडते. मित्र म्हणतो, तक्त्यातून असेम्ब्लर 'जनरेट' कर. म्हणजे नेमके काय करायचे?
— विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : मित्राचे ऐका. मात्र जुनी शिडी पुसू नका. नव्या असेम्ब्लरशी ताडून पाहायला ती कामी येईल.

८०८५चे ओपकोड, म्हणजे सूचनांची आकड्यातली रूपे, बरेचसे साच्यातले आहेत. रजिस्टरांचे तीन बिटांचे क्रमांक असे : बी ०००, सी ००१, डी ०१०, ई ०११, एच १००, एल १०१, एम ११०, ए १११. (एम हे खरे रजिस्टर नव्हे, एचएल जोडी दाखवते तो मेमरीतला बाइट.) गंतव्य रजिस्टरासाठी 'ग', स्रोतासाठी 'स', आठ बिटांच्या आकड्यासाठी 'क' आणि पत्त्यासाठी 'प' धरला, तर तुमच्या तेरा सूचना तेरा ओळींत बसतात (आठ जागांचे ते बिट, दोन जागांचे ते हेक्स) :

मूव्ह ग,स : ०१गगगससस : १ बाइट
एमव्हीआय ग,क : ००गगग११०, क : २ बाइट
ॲड स : १००००ससस : १ बाइट
एक्सआरए स : १०१०१ससस : १ बाइट
आयएनआर ग : ००गगग१०० : १ बाइट
डीसीआर ग : ००गगग१०१ : १ बाइट
एलडीए प : ३ए, प-खालचा, प-वरचा : ३ बाइट
एसटीए प : ३२, प-खालचा, प-वरचा : ३ बाइट
जेएमपी प : सी३, प-खालचा, प-वरचा : ३ बाइट
जेएनझेड प : सी२, प-खालचा, प-वरचा : ३ बाइट
जेझेड प : सीए, प-खालचा, प-वरचा : ३ बाइट
एनओपी : ०० : १ बाइट
एचएलटी : ७६ : १ बाइट

हा तक्ता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. दुसरा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे जनरेटर, ही फाइल वाचतो आणि प्रत्येक 'ग' व 'स'च्या जागी आठही रजिस्टरे घालून ओळी उलगडतो. 'मूव्ह ए,बी'ची ओळ होते ०१ १११ ०००, म्हणजे ७८. मूव्हच्या ६४ ओळी, पुढच्या पाच सूचनांच्या प्रत्येकी ८ म्हणजे ४०, आणि उरलेल्या ७ : एकूण १११.

इथेच पहिला खड्डा आहे. 'मूव्ह एम,एम' उलगडले की ०१ ११० ११० येते, म्हणजे ७६. आणि ७६ तर एचएलटीचा. मेमरीतून त्याच मेमरीत मूव्ह अशी सूचना ८०८५मध्ये नाही, ती जागा हॉल्टला दिलेली आहे. ओपकोडवरून नाव शोधायची डिक्शनरी बांधताना पायथन अशी टक्कर गुपचूप गिळतो, शेवटी आलेली नोंद राहते. म्हणून नोंद घालण्याआधी तो ओपकोड आधीच घेतलेला आहे का ते तपासा आणि असेल तर जनरेटर तिथेच थांबवा. तक्त्यात 'मूव्ह एम,एम वगळा' अशी ओळ वाढवा. मग बरोबर ११० ओपकोड उरतात.

असेम्ब्लरच्या इंजिनात आता एकाही सूचनेचे नाव राहत नाही. ते ओळ वाचते, लेबल (ओळीला दिलेले नाव), सूचना आणि ऑपरंड (सूचनेपुढचे रजिस्टर, आकडा किंवा पत्ता) वेगळे करते, उलगडलेल्या यादीत जुळणारी ओळ शोधते आणि बाइट लिहिते. उद्या चौदावी सूचना हवी झाली तर तक्त्यात एक ओळ वाढते, इंजिनाला हात लागत नाही. बाइटांवरून सूचना काढणारा डिसअसेम्ब्लरही त्याच यादीतून फुकटात मिळतो.

इंजिन फाइल दोनदा वाचते. पहिल्या फेरीत फक्त लांबी मोजायची आणि लेबल भेटले की तेव्हाचा पत्ता नोंदवायचा. बाइट बनवायचेच नाहीत. दुसऱ्या फेरीत बाइट. पुढे येणाऱ्या लेबलवर उडी असली तरी तिचा पत्ता तोवर ठाऊक झालेला असतो. १ ते ५ची बेरीज २०५०एच (एच म्हणजे हेक्स) या पत्त्यावर ठेवणारा हा नमुना तुमच्या असेम्ब्लरमधून जसाच्या तसा आला पाहिजे :

२००० : ०ई ०५ : एमव्हीआय सी,०५एच
२००२ : एएफ : एक्सआरए ए
२००३ : ८१ : लूप: ॲड सी
२००४ : ०डी : डीसीआर सी
२००५ : सी२ ०३ २० : जेएनझेड लूप
२००८ : ३२ ५० २० : एसटीए २०५०एच
२००बी : ७६ : एचएलटी

बारा बाइट. चालवल्यावर २०५०एचवर ०एफ दिसले पाहिजे. जेएनझेडच्या ओळीत पत्ता २००३ असून बाइट ०३ २० असे उलटे पडले आहेत. ८०८५ खालचा बाइट आधी घेतो. तुमच्या किटची रॅम २०००एचला सुरू होत नसेल तर 'ओआरजी' (सुरुवातीचा पत्ता सांगणारी ओळ) बदला, म्हणजे जेएनझेडमधला पत्ता आपोआप बदलेल. एसटीएचा २०५० मात्र हाताने लिहिलेला आहे, तो तुम्हालाच बदलावा लागेल.

हीच फाइल इंटेल हेक्समध्ये (बाइट हेक्स अक्षरांत लिहिलेली मजकुराची फाइल) काढायची असेल तर ओळीत बाइटांची संख्या ०सी, पत्ता २०००, प्रकार ००, मग बारा बाइट आणि शेवटी चेकसम. संख्या, पत्ता, प्रकार आणि सगळे बाइट मिळवले की बेरजेचा खालचा बाइट ७९ येतो. १०० हेक्समधून ७९ वजा केले की चेकसम ८७. तुमचा आकडा ७९च येत असेल तर वजाबाकी राहून गेली.

अनोळखी सूचना आली की असेम्ब्लरने ओळ क्रमांक सांगून थांबले पाहिजे. तिच्या जागी एनओपी घालून पुढे जाणारे विद्यार्थ्यांचे असेम्ब्लर बरेच दिसतात. तसे कधीही करू नका. आपल्या तेरांत 'सब' नाही हे वापरणाऱ्याला असेम्ब्ल करतानाच कळायला हवे; किटवर चुकीची बेरीज बघत बसल्यावर कळून उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या मुलांच्या असेम्ब्लरमध्ये 'एमव्हीआय ए,बीएच' लिहिले की 'बीएच हे लेबल सापडले नाही' असा संदेश येतो आणि '१०बी'चे कधी २ होतात, कधी २६७. नियम काय ठेवावा?
— प्राध्यापिका, पॉलिटेक्निक, ठाणे

उत्तर : संदेश बरोबर आहे, मुलांनी ०बीएच लिहायला हवे. अक्षराने सुरू होते ते नाव आणि अंकाने सुरू होते ती संख्या, हा इंटेलच्या असेम्ब्लरांचा जुना नियम आहे. म्हणूनच एफएफएच न लिहिता ०एफएफएच लिहितात. नियम सैल सोडला तर 'डीएडीएच' हा हेक्स आकडा, की मधली जागा विसरलेली 'डीएडी एच' ही सूचना, हे ठरवायला बसावे लागेल.

'१०बी'साठी शेवटचे अक्षर आधी बघायचे. एच असेल तर हेक्स. एच नसून बी असेल तर बायनरी, आणि मग उरलेले सगळे अंक ० किंवा १च हवेत. डी असेल किंवा काहीच नसेल तर दशमान. म्हणजे १०बी हे नेहमी २ आणि १०बीएच हे नेहमी २६७. कधी हे तर कधी ते होते, याचा अर्थ कोडमध्ये दोन ठिकाणी संख्या वाचली जाते आहे. ते काम एकाच फंक्शनकडे द्या. त्याच फंक्शनमध्ये मर्यादाही तपासा : आठ बिटांच्या जागी -१२८ ते २५५ चालेल, २५६ आले की चूक. २५६चा खालचा बाइट कापून ०० लिहिणारा असेम्ब्लर घातक. आणि ए, बी, सी, डी, ई, एच, एल, एम ही लेबलांची नावे म्हणून नाकारा.

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या पॅकिंग मशिनचे कार्ड ८०५१ घराण्यातल्या ८९सी५१वर चालते. मूळ प्रोग्रॅमचा सोर्स मिळत नाही, म्हणून छोटा प्रोग्रॅम नव्याने लिहितो आहोत. पंधराएक सूचना पुरतात आणि टेक्निशियनला झेपेल असा छोटा असेम्ब्लर बनवला, पण डिले लूप चालतच नाही. शिवाय 'मूव्ह पी१,३०एच' दिल्यावर पोर्टवर काहीच बदलत नाही.
— मेंटेनन्स विभाग, रबाळे एमआयडीसी

उत्तर : दोन्ही चुका ८०८५च्या सवयीने झालेल्या दिसतात.

आधी डिले. 'डीजेएनझेड आर२' (आर२ एकाने कमी कर, शून्य झाले नसेल तर उडी मार) स्वतःवरच उडी मारत ००३०वर बसले असेल तर बरोबर बाइट डीए एफई. डीए हा ओपकोड (डी८ अधिक रजिस्टराचा क्रमांक २), आणि एफई म्हणजे -२. अंतर मोजायचे ते सूचना वाचून संपल्यावरच्या पत्त्यापासून, इथे ००३२पासून. तुमचा असेम्ब्लर ते सूचनेच्या सुरुवातीपासून मोजत असेल तर डीए ०० बनते, म्हणजे 'पुढच्याच सूचनेवर जा'. लूप एकदाच फिरतो आणि डिले उडतो. लोकल रबाळ्याहून सुटल्यावर 'पुढचे दुसरे स्टेशन' म्हणताना रबाळे मोजत नाहीत, तसेच हे. 'सीजेएनई ए,#क'सारखी सूचना तीन बाइटांची असते, तिथे तिसऱ्या बाइटनंतर मोजायचे. सगळीकडे सरसकट २ मिळवाल तर पुन्हा फसाल. लांबी तक्त्यातूनच घ्या. अंतर -१२८ ते +१२७च्या बाहेर गेले की चूक दाखवून थांबा.

डिले किती, हेही तपासून घ्या. बारा क्लॉकचा एक मशिन सायकल असलेल्या मूळ ८०५१ घराण्यात १२ मेगाहर्ट्झ क्रिस्टलवर एक सायकल १ मायक्रोसेकंदाचा. डीजेएनझेडला दोन सायकल लागतात. 'मूव्ह आर२,#२५०' (७ए एफए) आणि त्यापुढचा लूप मिळून ५०१ मायक्रोसेकंद. कार्डावर ११.०५९२चा क्रिस्टल असेल तर हाच वेळ सुमारे ५४४ होतो.

आता 'मूव्ह पी१,३०एच'. पी१चा पत्ता ९०. बरोबर बाइट ८५ ३० ९०, म्हणजे लिहिताना गंतव्य आधी, पण बाइटांत स्रोत आधी. तुमच्या असेम्ब्लरने ८५ ९० ३० काढले असणार. ते पोर्टवरचे वाचून ३०एचमध्ये टाकते, त्यामुळे पोर्ट जागचे हलत नाही. आणि हा उलटेपणा सगळीकडे नाही : 'मूव्ह पी१,#०एफएफएच'चे ७५ ९० एफएफ सरळ क्रमाने पडतात. म्हणून तक्त्यात ऑपरंडांचा लिहिण्याचा क्रम आणि बाइटांचा क्रम असे दोन वेगळे रकाने ठेवा. एलजेएमपी आणि एलकॉलमध्येही हा रकाना लागेल, कारण ८०५१ पत्त्याचा वरचा बाइट आधी घेतो : एलजेएमपी ०१००एच म्हणजे ०२ ०१ ००. ८०८५चा जेएमपी तोच पत्ता सी३ ०० ०१ असा लिहितो.

टेक्निशियन वापरणार आहेत म्हणून आणखी एक सुचवतो. 'मूव्ह ए,#३०' आणि 'मूव्ह ए,३०' दोन्ही कायदेशीर. पहिल्याचे ७४ १ई होते आणि ए-मध्ये तीस येतात. दुसऱ्याचे ई५ १ई होते आणि ३० क्रमांकाच्या मेमरीत जे काही असेल ते येते. # विसरणे ही ८०५१वरची रोजची चूक आहे, आणि मोठा असेम्ब्लर ती पकडू शकत नाही. तुमचा छोटा पकडू शकतो. थेट पत्ता नुसत्या आकड्यात स्वीकारूच नका. आधी 'बाटली_मोजणी ईक्यूयू ३०एच' असे नाव द्यायला लावा आणि ऑपरंडमध्ये तेच नाव घ्या. # शिवाय उघडा आकडा आला की चूक. हवा तेवढाच असेम्ब्लर बनवण्यातला खरा फायदा हाच, नाहीतर तयार असेम्ब्लर फुकट मिळतात.

एजेएमपी आणि एकॉल यादीतून गाळा. त्यांच्या पत्त्याचे वरचे तीन बिट ओपकोडमध्येच जातात आणि उडी त्याच २ केबीच्या भागात राहावी लागते. एका बाइटची बचत त्या डोकेदुखीला पुरत नाही. रिकामी फ्लॅश एफएफ असते, आणि ८०५१ला एफएफ म्हणजे 'मूव्ह आर७,ए'. भरकटलेला प्रोग्रॅम या एफएफमधून बिनतक्रार पळत राहतो. उरलेली जागा एनओपीने भरा आणि चिपच्या मेमरीच्या अगदी शेवटी एलजेएमपी ०००० ठेवा.

जुनी चिप पुसू नका. नवी चिप वेगळी भरा, जुनी पिशवीत घालून कार्डाच्याच खोक्यात ठेवा. पहिली चाचणी मोटरचा पुरवठा काढून, फक्त दिव्यांवर घ्या.

प्रश्न : फायनल इयरला एफपीजीएवर रिस्क-फाइव्हचा छोटा गाभा केला आहे. आरव्ही३२आयमधल्या १४ सूचना आणि आमची स्वतःची एक. यासाठी असेम्ब्लर जनरेट करावा की तयार वापरावा?
— चौघांचा गट, नेरूळ

उत्तर : तयार वापरा, म्हणजे जीएनयू असेम्ब्लर, आणि त्याच्या मागे गाळणी लावा. स्वतःच्या सूचनेसाठी '.इन्सन' ही सोय आहे : '.इन्सन आर ०बी, ०, ०, ए०, ए१, ए२' (०बी हेक्समध्ये). ०बी हा कस्टम-०चा ओपकोड, असल्याच प्रयोगांसाठी राखीव. प्रोसेसरचा प्रकार सांगणाऱ्या 'मार्च' पर्यायात आरव्ही३२आय एवढेच द्या. मागे सी लागला तर असेम्ब्लर सोळा बिटांच्या सूचना काढतो आणि तुमचा गाभा त्या वाचू शकणार नाही. मग ऑब्जडम्पच्या (त्याच संचातला डिसअसेम्ब्लर) यादीतली सूचनांची नावे तुमच्या १४ नावांशी ताडून पाहणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहा. तुमची स्वतःची सूचना सोडून बाहेरचे एक जरी आले तरी बिल्ड पाडा. ऑब्जडम्पला 'नो-एलिआसेस' पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर एडीडीआयच्या जागी 'एमव्ही' आणि 'एलआय' अशी टोपणनावे दिसतील आणि गाळणी विनाकारण ओरडेल.

परीक्षकांना स्वतःचाच जनरेटर दाखवायचा असेल तर तक्ता हाताने टाइप करू नका. 'रिस्क-फाइव्ह ऑपकोड्स' नावाचा संग्रह खुला आहे. त्यात प्रत्येक सूचनेची एक ओळ असते, त्यातल्या तुमच्या १४ उचला. फील्डच्या जागा ठरलेल्या : ओपकोड बिट ६ ते ०, गंतव्य ११ ते ७, फंक्ट३ १४ ते १२, पहिला स्रोत १९ ते १५, दुसरा २४ ते २०.

अडते ते ब्रँचच्या, म्हणजे अटीवर उडी मारणाऱ्या सूचनेच्या, आकड्यात. त्याचे बिट इकडेतिकडे विखुरलेले असतात : बिट १२ जातो ३१वर, १० ते ५ जातात ३० ते २५वर, ४ ते १ जातात ११ ते ८वर आणि बिट ११ येतो ७वर. बिट शून्य साठवतच नाहीत. ताडून पाहायला दोन शब्द देतो : 'एडीडीआय एक्स५,एक्स०,१' म्हणजे ००१००२९३; 'बीएनई एक्स५,एक्स०,-४' म्हणजे एफई०२९ईई३. आणि वर रबाळ्याला सांगितले त्याच्या नेमके उलट : इथे अंतर ब्रँच सूचनेच्या स्वतःच्या पत्त्यापासून मोजायचे.

मोठा आकडा भरताना एलयूआय (वरचे २० बिट भरणारी) आणि एडीडीआय (खालचे १२ मिळवणारी) अशी जोडी लागते, पण एडीडीआय आपले १२ बिट चिन्हासकट वाचतो. १२३४५एफएफएफ हवा असेल तर खालचे एफएफएफ -१ ठरते, म्हणून एलयूआयमध्ये १२३४५ न देता १२३४६ द्यावे लागते. सूत्र असे : आकड्यात ८०० हेक्स मिळवा आणि मग १२ बिट उजवीकडे सरकवा. हे विसरलात तर काही आकडे बरोबर आणि काही बरोबर ४०९६ने कमी येतील.

व्हेरिलॉगच्या मेमरी फाइलमध्ये मेमरी ३२ बिटांची असेल तर ओळीला आठ हेक्स अंकांचा एक शब्द लिहा. बाइटांची असेल तर ००१००२९३ हा शब्द ९३ ०२ १० ०० असा उतरतो.

प्रश्न : असेम्ब्लर बरोबर चालतो याची खात्री कशी करायची? नमुन्याचे पाच-सहा प्रोग्रॅम चालले, पुरे का?
— वाचक, कळवा

उत्तर : नाही. उलगडलेली यादीच चाचणी म्हणून वापरा. वरच्या ८०८५च्या उदाहरणात ११० ओळींची एक फाइल होते, प्रत्येक ओपकोड एकदा. ती असेम्ब्ल करा, डिसअसेम्ब्ल करा, पुन्हा असेम्ब्ल करा. दोन्ही वेळचे बाइट जुळले पाहिजेत. पण यात तक्त्यातली चूक सापडत नाही, कारण दोघेही एकाच तक्त्यावर विसंबून आहेत. जेएनझेडपुढे सी२ऐवजी सीए टाइप झाले असेल तर फेरी जाताना आणि येताना सारखीच चुकेल. म्हणून तीच फाइल एकदा परक्या असेम्ब्लरला द्या. ८०८५ला मॅक्रो असेम्ब्लर एएस चालेल, ८०५१ला एसडीसीसीबरोबर येणारा असेम्ब्लर. बाइट तंतोतंत जुळायला हवेत.

दुसरी फाइल चुकांची बनवा : २५६, नसलेले लेबल, दोनदा आलेले लेबल, मूव्ह एम,एम, ऑपरंड नसलेला जेएमपी, यादीबाहेरची सूचना, १२८ बाइट पुढची डीजेएनझेड. यातली प्रत्येक ओळ नाकारली गेली पाहिजे, आणि ओळीचा क्रमांक बरोबर दिसला पाहिजे. क्रमांक एकाने चुकत असेल तर बहुधा कोरी किंवा नुसत्या टिप्पणीची ओळ मोजायची राहते आहे.